समाजमाध्यम किमान वय कायदा (ऑस्ट्रेलिया)

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा ऑस्ट्रेलियाचा केंद्रीय कायदा. देशव्यापी स्वरूपाचा हा जगातला पहिला कायदा मानतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत. १० डिसेंबर २०२५ पासून अंमल. रचनेने हा २०२१ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याला जोडलेला नवा भाग आहे.

पार्श्वभूमी : तेरा वर्षांची अट समाजमाध्यमांवर आधीपासून होती. तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या बालगोपनीयता कायद्यात. तेराखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करू नये, एवढेच तो सांगतो. जन्मतारखेच्या रकान्यात खोटे वर्ष भरले की अट मिटली. ऑस्ट्रेलियातल्या हालचालीला वेग आला तो दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात. तिथले प्रीमियर (राज्याचे सरकारप्रमुख) पीटर मालिनॉस्कस यांच्या पत्नीने, समाजमाध्यमांमुळे मुलांच्या मानसिक आरोग्याची हानी होते असे मांडणारे जोनाथन हाइट यांचे ‘द अँक्शस जनरेशन’ (२०२४) हे पुस्तक वाचले आणि ‘आता काहीतरी करा’ असा लकडा लावला, हे खुद्द प्रीमियरनीच सांगितले आहे. राज्याने माजी सरन्यायाधीश रॉबर्ट फ्रेंच यांच्याकडून मसुदा करून घेतला. त्यात चौदाखालच्यांना बंदी, चौदा-पंधराच्या मुलांना पालकांच्या संमतीने मुभा होती. केंद्राने ही मधली पायरीच काढून टाकली. आईवडिलांनी होकार दिला तरी आता खाते मिळत नाही.

संसदेतील प्रवास : विधेयक २१ नोव्हेंबर २०२४ रोजी मांडले गेले. निवेदने पाठवायला जनतेला मिळाला एक दिवस. तेवढ्यात सुमारे १५,००० आली. सिनेट समितीची सुनावणीही एकाच दिवसात उरकली. प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध १३ मतांनी आणि आठवड्याभरात सिनेटमध्ये ३४ विरुद्ध १९ मतांनी ते पार पडले. एवढ्या दूरगामी कायद्याला ही घाई शोभणारी नव्हती.

तरतुदी : मुलाला शिक्षा नाही, पालकांना नाही. कर्तव्य फक्त कंपनीचे, आणि तेही ‘वाजवी पावले’ उचलण्याचे. ही पावले कोणती, याची यादी कायद्यात नाही. ती ई-सेफ्टी आयुक्त या ऑनलाइन सुरक्षेच्या नियामकाच्या मार्गदर्शनावर सोडली आहे. दंडाची मर्यादा ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. हा आकडा कायद्याच्या मजकुरात शोधला तर सापडत नाही. तिथे आहेत ३०,००० दंड-एकके. एकक ३३० डॉलरचे, आणि आरोपी कंपनी असल्यास दंड पाचपट.

खरी मेख वय पडताळण्यात आहे. सोळाखालच्यांना ओळखायचे तर सोळावरच्यांनाही तपासावे लागते. म्हणून सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवायला कायद्याने मनाई केली. दुसरा वाजवी मार्ग द्यावाच लागतो. पडताळणीसाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची. व्यवहारात चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, खात्याच्या वापरावरून तर्क, असे उपाय योजले जातात. चेहऱ्याचा अंदाज नेमका पंधरा-सोळाच्या काठावर डळमळतो, म्हणजे जिथे त्याची गरज सर्वाधिक तिथेच.

व्याप्ती : फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, रेडिट, किक, ट्विच आणि यूट्यूब. यूट्यूबला आधी सूट होती. जुलै २०२५ मध्ये ती काढली. व्हॉट्सॲप, डिस्कॉर्ड, रोब्लॉक्स बाहेर राहिले. बंदी खात्यावर आहे, पाहण्यावर नाही. लॉगिन न करता यूट्यूब पाहायला कोणत्याही वयाची आडकाठी नाही.

अंमल आणि वाद : पहिल्या महिन्यात सुमारे ४७ लाख खाती बंद वा मर्यादित झाल्याचे सरकारने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले. खाती म्हणजे मुले नव्हेत. एकाची चार खाती असू शकतात. राजकीय संवादाच्या घटनात्मक स्वातंत्र्यावर गदा येते, या मुद्द्यावर दोन पंधरा वर्षांची मुले आणि रेडिट कंपनी स्वतंत्रपणे उच्च न्यायालयात गेली. हे तिथले सर्वोच्च न्यायपीठ.

मुलांच्या मानसिक आरोग्यावरील परिणाम : समाजमाध्यमांमुळे मुलांची हानी किती होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

इतर देश : फ्रान्सने २०२३ मध्ये पंधराखालच्यांसाठी पालकसंमतीचा कायदा केला, पण युरोपीय संघाच्या नियमांशी मेळ न बसल्याने तो अंमलात आला नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले होते; दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बंदी नाही. मात्र अठराखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीच्या तरतुदी लागू करायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.