आकड्यांची रांगोळी

गोष्ट सांगायला नेहमी शब्दच लागतात असे नाही. १८५८ साली इंग्लंडात एका बाईने आकडे आणि रंग यांतून एक गोष्ट सांगितली. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. रात्री हाती दिवा घेऊन फिरणारी म्हणून आपण तिला ओळखतो. परंतु त्या दिव्याइकीच तिची हिशेबाची वही मोलाची होती. १८५५ च्या एकट्या जानेवारीत इंग्रज फौजेतील ८३ माणसे जखमांनी दगावली, आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१! शत्रूच्या गोळीहून घाण अधिक घातक ठरली होती.

हे आकडे नुसत्या कोष्टकात राहते, तर ते कितीजणांनी वाचले असते? तिने बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या काढल्या. रोगांना निळा रंग, जखमांना तांबडा, इतर कारणांना काळा. दुरून पाहावे तर रांगोळीचे फूल, जवळ जावे तर मृत्यूची नोंद. १८५५ च्या वसंतात गटारे साफ झाली आणि पुढच्या वर्षाचे फूल लहान झाले. गोष्ट तिथे पुरी होते.

आणखी एक बारकावा आहे. आधीच्या एका आकृतीत तिने आकडे मध्यापासूनच्या लांबीने दाखविले होते. त्यामुळे मोठा आकडा डोळ्यांना वाजवीपेक्षा फार मोठा भासे. पाकळ्यांत तिने क्षेत्रफळाचे माप धरले. बाजू खरी असतानाही ती फुगवून मांडणे तिने टाळले.

आज असे फूल संगणक क्षणात काढतो. बोट लावताच पाकळी उलगडते, महिना बोलू लागतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, तेव्हापासून तर आकड्यांभोवतीची कहाणीही यंत्र रचून देते. पण हे यंत्र पुढचा शब्द कोणता यावा याच्या अंदाजावर वाक्य जुळविते. म्हणून कधी नसलेला आकडाही ते तितक्याच ठामपणे सांगते.

त्या निळ्या पाकळीमागे २,७६१ घरे होती. म्हणून यंदा घरातल्या मुलांनी पडद्यावर अशी रंगीत गोष्ट दाखविली, तर कौतुक जरूर करावे, आणि फराळाचे ताट पुढे सरकवता सरकवता एवढेच विचारावे, ‘‘बाळ, हे मोजले कोणी?’’