विमर्शसंधीतला कॅप्टन

अंतराळमालिकेच्या एखाद्या भागाबद्दल दोन प्रेक्षक हमरीतुमरीवर येतात, तेव्हा त्यांनी पाहिलेला भाग एकच असतो, पण त्याच्याकडून मागितलेली गोष्ट एक नसते. सीझन संपत आला की हा गोंधळ वाढतो. सुरुवातीच्या भागाकडून ओळखीपलीकडे कोणी फारसे मागत नाही आणि शेवटच्या भागाकडून सगळेच शेवट मागतात. मधल्या, शेवटाकडे झुकलेल्या भागांनी काय करायचे असते, याचा मात्र विचार होत नाही. तो केला, तर अशा भागांवरच्या मतभेदांना एक रचना आहे असे दिसते. या विवेचनासाठी मुख्य उदाहरण घेतले आहे ते 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' या मालिकेच्या सहाव्या सीझनमधल्या एकोणिसाव्या भागाचे. त्याचे नाव 'इन द पेल मूनलाइट' आणि त्याचे पहिले प्रसारण एप्रिल १९९८मधले.

पैशाचा मुद्दा

सीझनच्या उत्तरार्धातले भाग बरे-वाईट का ठरतात, याचे नेहमीचे उत्तर अर्थशास्त्रातले असते. अमेरिकेत त्या काळी 'स्टार ट्रेक'चा एक सीझन साधारण २६ भागांचा असे. त्याचे अंदाजपत्रक सुरुवातीच्या झगमगाटात खर्ची पडे, अखेरच्या धमाक्यासाठी काही राखून ठेवले जाई, आणि मधल्यांनी महिनाअखेरीला डब्यांच्या तळाशी उरेल त्यावर भागवावे तसे भागवायचे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा दुसरा सीझन तर १९८८च्या लेखकसंपामुळे २२ भागांवरच आटोपला, आणि त्याचा शेवट 'शेड्स ऑफ ग्रे' या भागाने झाला. यानावरचा अधिकारी रायकर आजारी पडून आहे आणि त्याच्या आठवणी म्हणून जुन्या भागांचे तुकडे दाखवले जातात, एवढेच त्यात घडते. चित्रीकरण तीन दिवसांत उरकले होते. हा भाग वाईट आहे यावर प्रेक्षकांचे जितके एकमत आहे, तितके 'स्टार ट्रेक'मधल्या फार थोड्या गोष्टींवर असेल.

पण त्याच मालिकेच्या पाचव्या सीझनचा पंचविसावा, म्हणजे शेवटून दुसरा भाग 'द इनर लाइट' (जून १९९२). त्यातही अवकाशयुद्ध नाही, स्फोट नाहीत. नष्ट झालेल्या एका ग्रहावरच्या माणसाचे अख्खे आयुष्य कॅप्टन पिकार्ड पंचवीस मिनिटांत जगून येतो आणि हाती उरते एक बासरी. या भागाला १९९३चा ह्युगो पुरस्कार मिळाला. पुढे २००६मध्ये ती बासरी, म्हणजे चित्रीकरणात वापरलेली न वाजणारी वस्तू, लिलावात ४८,००० डॉलरला गेली. तेव्हा काटकसरीने भाग पडतो हे पूर्ण उत्तर नव्हे. 'द इनर लाइट'वर मतभेद जवळजवळ नाहीत, याचे कारणही त्याच्या गुणांइतकेच त्याच्या सुटेपणात आहे. आधीच्या चोवीस भागांचे त्याच्यावर काही देणे नव्हते. सहाव्या सीझनमधल्या 'डीप स्पेस नाइन'ला ही मोकळीक नव्हती.

चौथा संधी

भारतीय नाट्यशास्त्राने कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. त्यांतला चौथा आपल्या कामाचा. गर्भसंधीत फळ दिसू लागलेले असते, आणि विमर्शात ते हातातोंडाशी आलेले असताना क्रोध, संकट किंवा प्रलोभन आडवे येते. 'शाकुंतला'तला दुर्वासाचा शाप आणि त्यानंतरचे विस्मरण हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. विमर्शाचे काम गाठ सोडवण्याचे नाही. नायकाला फळाची किंमत कळावी म्हणून ती आवळण्याचे आहे. सोडवायची ती निर्वहणात.

हॉलिवुडच्या लेखकांनी भरतमुनी वाचले होते असा दावा अर्थातच नाही. पण दीर्घ कथेला जिथे जिथे मुक्काम करावे लागतात तिथे हे टप्पे आपोआप पडतात, आणि २६ भागांच्या सीझनमध्ये अठरा ते चोवीस हा पट्टा विमर्शाचा असतो. प्रेक्षकमतांमधली बरीच गल्लत या एका कारणाने होते, असे माझे प्रतिपादन आहे: विमर्शाच्या भागाला निर्वहणाचे माप लावले जाते.

प्रसंग

'डीप स्पेस नाइन'च्या सहाव्या सीझनची सुरुवात सलग सहा भागांच्या युद्धकथेने झाली होती. साप्ताहिक सुट्या गोष्टींची सवय असलेल्या 'स्टार ट्रेक'ला हे नवे होते. डोमिनियन नावाच्या साम्राज्याशी फेडरेशन या ग्रहसंघाचे युद्ध पेटले आहे, क्लिंगॉन बाजूने आहेत, पण रोम्युलनांनी डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार केला आहे. दर शुक्रवारी अंतराळस्थानकावर मृत आणि बेपत्ता सैनिकांची यादी लागते. बीटाझेड हा फेडरेशनचा गाभ्यातला ग्रह शत्रूच्या हाती पडतो. रोम्युलन युद्धात उतरले नाहीत तर हार ठरलेली आहे, हे कॅप्टन सिस्कोला दिसते.

मग तो गॅरककडे जातो. गॅरक वरकरणी शिंपी, मुळात कार्डॅसियन हेर. डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याचा खरा पुरावा मिळवायचा बेत पहिल्याच पायरीवर कोसळतो, कारण डोमिनियनच्या बाजूने असलेल्या कार्डॅसियावरचे गॅरकचे हस्तक मारले जातात. खरा पुरावा नाही, तर खोटा बनवायचा. क्लिंगॉन तुरुंगात मरणाची वाट पाहणारा टोलर नावाचा बनावटकार सोडवून आणला जातो. तो दारूच्या नशेत स्थानकावरचा मद्यालयचालक क्वार्क याला भोसकतो, आणि प्रकरण दाबण्यासाठी सिस्को क्वार्कला लाच देतो. बनावट पुरावा नोंदवायला अस्सल कार्डॅसियन पट्टी हवी, तर तिच्या बदल्यात ज्यापासून घातक शस्त्रे बनू शकतात असे जैवद्रव्य द्यावे लागते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच खाली, म्हणून पाय थबकत नाही. रोम्युलन सिनेटर व्ह्रीनॅक पुरावा तपासतो, तो बनावट असल्याचे ओळखतो आणि संतापून निघतो. वाटेत त्याचे यान फुटते. स्फोट गॅरकने घडवलेला असतो. पट्टीत सापडणारे दोष आता स्फोटाच्या खाती जमा होतात, टोलरही मेलेला असतो, आणि रोम्युलन डोमिनियनविरुद्ध उभे राहतात.

हे सारे सिस्को आपल्या खाजगी नोंदवहीत, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत सांगतो. सांगता सांगता गणवेश ढिला होतो, हातात पेला येतो. शेवटी या सगळ्यासकट आपण जगू शकतो असे तो स्वतःला बजावतो आणि नोंद पुसून टाकायची आज्ञा संगणकाला देतो. सिस्को साकारणाऱ्या एव्हरी ब्रुक्सचा अभिनय रंगभूमीवरच्या घाटाचा आहे. एरवी काहींना तो अंगावर येतो, पण इथे त्या घाटालाच काम मिळाले आहे.

या भागाची मूळ कल्पना निराळी होती. पीटर अ‍ॅलन फील्ड्सच्या आराखड्यात सिस्कोचा वार्ताहर मुलगा जेक वडिलांचे गुपित शोधून काढतो, अशी रचना होती. पटकथेचे श्रेय मायकेल टेलरचे, तर श्रेयनामावलीत नाव न येता पुनर्लेखन केले रोनाल्ड मूर यांनी. जेकच्या नजरेतून पाहिले असते तर प्रेक्षक न्यायाधीशाच्या जागी बसला असता. नोंदवहीमुळे तो साक्षीदार होतो, आणि नोंद पुसल्यावर तर एकमेव साक्षीदार. मतभेदांचे मूळ या बदलात आहे. ('द इनर लाइट'च्या पटकथेतही फील्ड्स यांचा वाटा होता, ही मौजेची गोष्ट.)

आक्षेप आणि त्यांची पायरी

स्तुती करणारे म्हणतात की 'स्टार ट्रेक'ने पहिल्यांदा आपल्या नायकाला घाणीत हात घालायला लावले. ही स्तुती खरी असली तरी ढोबळ आहे. अंधार दाखवला म्हणजे भाग प्रौढ झाला, ही समजूत त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत कितीतरी मालिकांना भोवली आहे. या भागाचे बळ अंधारात नाही, हिशेबात आहे. प्रत्येक पायरीची किंमत तिथल्या तिथे सांगितली जाते आणि ती कोण चुकवतो तेही दिसते.

विरोधकांचा पहिला आक्षेप तत्त्वाचा. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांनी कल्पिलेल्या भविष्यातला माणूस नीतीने पुढे गेलेला आहे. ते १९९१मध्ये गेले आणि त्यांच्या पश्चात त्या माणसाचे पाय मातीचे केले गेले, असे या गटाला वाटते. या मताची टर उडवू नये, कारण आदर्श हा या मालिकांचा सजावटीचा भाग कधीच नव्हता. पण आदर्शाची परीक्षा घेणे म्हणजे त्याचा त्याग नव्हे. सिस्कोला आपण काय केले ते ठाऊक आहे, त्याची लाज आहे, ती झाकण्याची धडपड आहे. आदर्श नसता तर नोंद पुसायची गरजच पडली नसती. हा आक्षेप खरे तर सबंध मालिकेच्या मुखसंधीवर आहे. एकोणिसाव्या भागावर तो लादणे अन्यायाचे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि जास्त धारदार: भाग पुरेसा निर्दय नाही. खून गॅरक करतो, सिस्को त्याला ठोसा मारून मोकळा होतो. कथेने नायकाचे हात ओले होऊ दिले, पण लाल होऊ दिले नाहीत. यात तथ्य आहे. पण गॅरकचे प्रत्युत्तर विसरता येत नाही. अशी वेळ आली तर सिस्कोला जे करवणार नाही ते गॅरक करील, म्हणूनच सिस्को त्याच्याकडे आला होता, असे तो तोंडावर सुनावतो. म्हणजे काम दुसऱ्यावर सोपवल्याची पळवाट भागाने स्वतःच दाखवून बंद केली आहे. गॅरक साकारणारा अँड्र्यू रॉबिन्सन हे बोलणे चढ्या आवाजात म्हणत नाही, म्हणून ते जास्त लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो रचनेचा आहे. हे गुपित मालिकेत पुढे कधीच फुटत नाही. जून १९९९च्या अंतिम भागात युद्ध संपते, सिस्कोची कथाही संपते, पण व्ह्रीनॅकचा मृत्यू कोणी काढत नाही. विमर्शात आवळलेली गाठ निर्वहणात सुटायला हवी होती. सातव्या सीझनमध्ये स्थानकावरचा डॉक्टर बशीर रोम्युलनांविरुद्ध रचलेल्या एका कारस्थानात वापरला जातो आणि एका रोम्युलन सिनेटरचा बळी जातो. प्रश्न तोच, पण किंमत दुसऱ्याच्या खात्यावर. तरी हा दोष एकोणिसाव्या भागाचा म्हणता येईल का? त्याने शेवटी नोंद पुसून एक वचन दिले होते, की हे पुन्हा निघणार नाही. मालिकेने ते अक्षरशः पाळले. दोष असलाच तर पुढच्या लेखनाचा आहे. सिस्कोच्या मौनाचा भार त्याच्या वागण्यात पुढे कुठेतरी दिसायला हवा होता, आणि तो पुरेसा दिसत नाही.

विनोद करणाऱ्यांचाही एक गट आहे. व्ह्रीनॅक पट्टी हातात धरून ती बनावट असल्याचे ओरडतो, तो क्षण संदर्भ तोडून वर्षानुवर्षे हसण्यासाठी वापरला जातो. व्ह्रीनॅक साकारणाऱ्या स्टीव्हन मॅकहॅटीचा त्वेष खरोखरच वेगळा काढला की हास्यास्पद दिसतो. प्रसंगात तो सिस्कोच्या छातीत धस्स करणारा आहे. तुकड्यावरचे मत आणि भागावरचे मत वेगळे का ठेवावे, याचे हे चांगले उदाहरण.

गुण देणारे कोण

अशा भागांना प्रेक्षक आकड्यांत गुण देतात, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे सहाव्या सीझनपर्यंत टिकलेला प्रेक्षक निवडून उरलेला असतो. ज्यांना मालिका रुचली नाही ते कधीच निघून गेले, त्यामुळे उत्तरार्धातल्या भागांना मिळणारी दाद थोडी भक्तांची दाद असते. अंतिम भागाला मात्र गळालेले लोकही 'काय झाले शेवटी' म्हणून परत येतात आणि त्यांच्या मताने सरासरी खाली येते. दुसरे म्हणजे सरासरी मतभेद लपवते. सगळ्यांनी दहापैकी पाच दिले काय आणि अर्ध्यांनी दहा, अर्ध्यांनी शून्य दिले काय, आकडा पाचच.

पाहण्याची रीतही मत बदलते. १९९८मध्ये 'डीप स्पेस नाइन' अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांना विकली जाई आणि प्रत्येक वाहिनी आपल्या सोयीच्या वेळी ती दाखवी. एखादा भाग चुकणे नित्याचे होते. निर्मात्या कंपनीला सुट्या गोष्टी हव्या असत, त्या याचसाठी. सलग कथेचा भार त्या प्रेक्षकाला जाचक वाटला तर नवल नाही. आज तीच मालिका ओळीने पाहणाऱ्याला शुक्रवारच्या याद्यांचा दाब कालच पाहिलेल्या भागातून आलेला असतो. या मालिकेची प्रतिष्ठा प्रसारणकाळापेक्षा नंतर वाढली, यात या सलगतेचा वाटा मोठा आहे.

स्थान बदलले तर

संधीचा सिद्धांत खरा असेल, तर भागाचे स्थान बदलताच त्याच्यावरचे मत बदलायला हवे. असा प्रयोग एकदा नकळत झाला. 'बॅबिलॉन ५' ही मालिका चौथ्या सीझननंतर बंद होणार असे वाटत असताना तिचा अंतिम भाग 'स्लीपिंग इन लाइट' चित्रित करून ठेवला होता. पाचवा सीझन मंजूर झाला, तो भाग मागे ठेवला गेला, आणि चौथ्याच्या शेवटी दुसराच भाग लिहून बसवला गेला. मूळ भाग दाखवला गेला नोव्हेंबर १९९८मध्ये, मालिकेच्या खऱ्या अखेरीस. क्लॉडिया ख्रिश्चन तोपर्यंत मालिका सोडून गेली होती, तरी तिने रंगवलेली इव्हानोव्हा त्या भागात दिसते. युद्ध संपून एक अख्खा सीझन गेल्यावर आलेला हा निरोप प्रेक्षकांना थकव्यानंतरच्या शांततेसारखा भेटला. युद्धाला लागूनच आला असता तर तेच चित्रीकरण विजयानंतरचा पूर्णविराम म्हणून वाचले गेले असते.

'स्टार ट्रेक: एंटरप्राइझ'च्या प्रेक्षकांनी तर स्थान स्वतःच बदलून टाकले. मे २००५मधला तिचा शेवटचा भाग रायकर आणि ट्रॉय या 'नेक्स्ट जनरेशन'च्या पात्रांना पुढे आणतो आणि एंटरप्राइझवरची माणसे होलोडेक या आभासी दालनातल्या खेळापुरती उरतात. ट्रिप या मुख्य पात्राचा मृत्यूही त्या खेळातच घडतो. चार सीझन सोबत केलेल्या प्रेक्षकांना निर्वहणच नाकारले गेले होते. त्यांतल्या अनेकांनी त्याच्या आधीचा 'टेरा प्राइम' हा भाग मालिकेचा शेवट मानायचे ठरवले, आणि आजही नव्या प्रेक्षकाला तिथेच थांब असे सांगणारे पुष्कळ भेटतात.