छातीच्या क्ष-किरण चित्राचे वाचन : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने सत्याग्रहामुळे परिचित आहे. टाटा कंपनीच्या नियोजित धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला व पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण मात्र झालेच. गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिरा येथे निर्माण होणारी वीज मुंबईकडे वाहू लागली. पाणी मुळशीचे आणि उजेड मुंबईचा, ही तक्रार या खोऱ्यात पुढेही दीर्घकाळ ऐकू येत राहिली. छातीच्या क्ष-किरण चित्राचा इतिहास याहून फारसा निराळा नाही. चित्र काढणारे यंत्र आणि ते वाचणारा तज्ज्ञ हे दोघेही शहरात राहिले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हे वाचन संगणकाकडून करून घेतले जात आहे. या बदलाचा अर्थ समजण्यासाठी क्षयरोग निदानाचा मागील इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

क्ष-किरणांचा उदय आणि वाचकाचा प्रश्न :

रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू पावल्या, तेव्हा रोगाचे कारण ज्ञात होते, पण जिवंत माणसाच्या फुफ्फुसात डोकावण्याचे साधन नव्हते. ते साधन रॉन्टजेनच्या १८९५ च्या शोधाने मिळाले. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊ याने लहान आकाराच्या फिल्मवर छातीचे चित्र घेण्याची स्वस्त पद्धत विकसित केली आणि सामूहिक तपासणीचे युग सुरू झाले.

या युगातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष रोगासंबंधी नव्हता, तो वाचकासंबंधी होता. अमेरिकेत यरुशाल्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या आकारांच्या फिल्मची तुलना केली. कोणती फिल्म श्रेष्ठ, हे ठरविणे हा त्यांचा हेतू होता. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळून आले की, फिल्मच्या प्रकारांतील फरकापेक्षा वाचणाऱ्या तज्ज्ञांतील फरकच मोठा आहे. इतकेच नव्हे तर एकच तज्ज्ञ तीच फिल्म पुन्हा पाहताना आपलेच आधीचे मत बदलतो. आजच्या चर्चेत संगणकाची चूक मोजताना तज्ज्ञाचे मत अचूक मानून चालण्याची सवय दिसते. त्या सवयीला हा जुना अभ्यास पुरेसे उत्तर देतो.

भारतातील वाटचाल :

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात केलेल्या क्षयरोग पाहणीत छातीच्या क्ष-किरण चित्रांचा वापर झाला. क्षय हा प्रामुख्याने शहराचा रोग आहे, हा समज या पाहणीने खोडून काढला. रोगाचे प्रमाण खेड्यांतही जवळजवळ तेवढेच होते. पण खेड्यात ना यंत्र होते, ना वाचक. १९५९ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात अभ्यास करून १९६३ मध्ये दाखवून दिले की, बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव असते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतःहून उपचार शोधण्यास बाहेर पडलेले असतात. मग रुग्णाला शोधत फिरण्याऐवजी दवाखान्यात आलेल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, असे धोरण ठरले. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट सामूहिक क्ष-किरण तपासणी बंद करण्याची शिफारस केली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचा पायाही थुंकी तपासणी हाच होता.

हा निर्णय त्या काळी शहाणपणाचाच होता. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे रुग्णाला लक्षणे असतात व तो ती सांगतो. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय क्षयरोग पाहणीने या गृहीताला धक्का दिला. क्ष-किरण चित्राचा वापर केला नसता तर पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण सुटून गेले असते, असे तिच्यात आढळले.

संगणकाकडून वाचन :

क्ष-किरण चित्र अंकांत मांडून संगणकाला द्यावे, ही कल्पना अमेरिकेतील ग्विलिम लॉडविक याने १९६३ मध्येच मांडली होती. तिला व्यवहार्य रूप आले ते २०१० नंतर, लाखो चित्रांवरून स्वतः शिकणाऱ्या आज्ञावलींमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये १,१२,१२० छातीची चित्रे संशोधकांसाठी खुली केली. महाराष्ट्रही या घडामोडींत मागे राहिला नाही. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची क्यूएक्सआर व पुण्याच्या डीपटेकची गेंकी या आज्ञावली क्षयरोग शोधासाठी वापरात आल्या. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या चाळणी तपासणीत मानवी वाचकाऐवजी अशा आज्ञावलीचा वापर करता येईल, असे मान्य केले.

त्याच वर्षी ढाका येथील २३,९५४ व्यक्तींच्या चित्रांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्यूएक्सआरसह पाचही आज्ञावली स्थानिक क्ष-किरणतज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. परंतु वृद्ध व्यक्ती आणि पूर्वी क्षय होऊन गेलेले लोक यांच्या बाबतीत पाचही आज्ञावलींची कामगिरी खालावली. बऱ्या झालेल्या फुफ्फुसावरील जुना व्रण आणि नवा रोग यांतील भेद अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. २०१८ मधील एका अमेरिकी अभ्यासात तर आज्ञावली न्यूमोनियाऐवजी चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हेच ओळखत असल्याचे उघड झाले होते.

मुळशीचा संदर्भ :

मुळशी तालुक्याची आजची रचना या प्रश्नाच्या दृष्टीने बोलकी आहे. पूर्वेस हिंजवडी व माण येथे संगणक उद्योगांची वसाहत आहे. लवळे येथे सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाच्या परिसरात अभियांत्रिकी शिक्षण व रुग्णालय एकत्र नांदतात. याच तालुक्याच्या पश्चिमेस धरणाचा जलाशय ओलांडून ताम्हिणीच्या घाटाकडे गेले असता विखुरलेल्या वाड्या व अतिवृष्टीचा मुलूख लागतो. पावसाळ्यात तेथून पौड गाठणे हेच एक काम होऊन बसते. हातात धरता येणारे, बॅटरीवर चालणारे क्ष-किरण यंत्र आणि त्यास जोडलेली आज्ञावली यांचा खरा उपयोग अशाच ठिकाणी आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून केंद्र शासनाने राबविलेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत अशी यंत्रे गावोगाव नेण्यात आली.

तथापि आज्ञावली निदान करीत नाही, ती केवळ एक गुणांक देते. कोणत्या गुणांकापुढील माणसाची थुंकी तपासावयाची, ही मर्यादा माणसांनीच ठरवावयाची असते. मर्यादा खाली ठेवली तर तपासणीचा खर्च वाढतो, वर ठेवली तर रुग्ण सुटतात. पुढील तपासणीसाठी गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र उपलब्ध आहे, परंतु त्याच्या प्रत्येक चाचणीस चिपा लागतात आणि त्यांचा पुरवठा अखंड असावा लागतो. शिवाय चुलीच्या धुराने स्त्रियांना जडणारा श्वासनलिकांचा दीर्घकालीन विकार छातीच्या चित्रात बहुधा उमटत नाही. त्यासाठी फुंकर मारून करावयाची श्वसनक्षमता चाचणीच लागते. चित्र निर्दोष आले म्हणून घरी पाठविलेल्या बाईचा दमा तसाच राहतो आणि तिची नोंद मात्र निरोगी अशी होते.