सौदा कधी पुरा होतो? घरविक्रीच्या दलालीचा मागोवा

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एक खरेदीखत आहे. साल १३५० फसली, म्हणजे इसवी सन १९४०-४१. कागद निजाम सरकारच्या मुद्रांकाचा, मजकूर उर्दू, खाली आजोबांची सही मात्र मोडीत. चतुःसीमा, किंमत, साक्षीदार, सगळे नीट लिहिलेले आहे. पण दोन्ही घरी चकरा मारून हा व्यवहार ज्याने जुळवला असेल, त्याचे नाव त्यात कुठेच नाही. काही वर्षांपूर्वी तेच घर विकायला काढले, तेव्हा मध्यस्थ होता. त्याचेही नाव कोणत्या कागदावर आले नाही. दरम्यान राज्य बदलले, लिपी बदलली, उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले. दलाली तेवढी तोंडीच राहिली.

त्याची किंमत मी मोजली. "दोन टक्के" एवढेच ठरले होते. गिऱ्हाईक आले, इसार झाला, आणि मध्यस्थाने पैसे मागितले. पुढे कागद तपासताना जागेच्या मूळ सर्व्हे नंबरवर इनामाची नोंद निघाली आणि गिऱ्हाईक मागे फिरले. मध्यस्थाचे म्हणणे, "माणूस आणून देणे माझे काम, ते मी केले." माझे म्हणणे, "घर विकले कुठे?" शेवटी अर्धी रक्कम रोख देऊन भांडण मिटवले. आमच्या दोघांचे बोलणे आपापल्या जागी खरे कसे होते, हे कळायला मला जुने कागद आणि कायद्याची पुस्तके उलटावी लागली.

आधी मराठेशाहीतला व्यवहार पाहू. तेव्हाच्या मिरासपत्रांवर गोही म्हणून गावकऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, सुताराचे, लोहाराचे आपापले हत्यार. जमीन किंवा वाडा हातातून जाणे ही गावासमोर घडणारी गोष्ट होती. शेजारी, भाऊबंद आणि वतनदार हेच साक्षी आणि हेच मध्यस्थ. अशा ठिकाणी टक्केवारीने काम करणाऱ्या माणसाची फारशी गरज नव्हती.

दलाल हा मुळात बाजारपेठेचा माणूस. शब्दही अरबीतून आलेला. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायची हत्ता पद्धत आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिली आहे. तिथे बोट सुटले की सौदा झाला. बैलाचे दावे त्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात जाई, आणि दलालही आपले पैसे तिथेच घेई. धान्याच्या आडतीतही माप झाले की आडत कापली जाई. या व्यवहारांत सौदा ठरणे आणि माल हातचा जाणे यांत अंतर जवळजवळ नसते. माझा तर्क असा, की घरांच्या व्यवहारात दलाल आला तो बाजारातली ही सवय घेऊनच आला. पण घराचे दावे एका दिवसात सुटत नाही. इसार आणि खरेदीखत यांच्यामध्ये महिने जातात, आणि भांडण नेमके त्या महिन्यांत उगवते.

गंमत अशी, की बाजारातली दलाली पुढे लेखी झाली. निजामाच्या राज्यात १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० च्या सुमाराचा शेतमाल बाजार कायदा आला. महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा. आडतीचे दर ठरले, हिशोबपट्टी देणे बंधनकारक झाले. पोत्यामागे किती कापायचे हे कागदावर आले. आयुष्यात एकदा विकायच्या घरामागे किती द्यायचे, हे मात्र माणसाच्या भिडेवर राहिले.

तरी कायदा अगदीच मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अभिकर्त्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्यावर, अख्खे प्रकरण आहे. १९५१ च्या कायद्याने तो हैदराबाद राज्यालाही, म्हणजे आपल्या जिल्ह्यालाही लागू झाला. त्याच्या कलम २१९ चा आशय असा: वेगळे काही ठरलेले नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय अभिकर्त्याचे पैसे देय होत नाहीत. कलम २२० म्हणते, की कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या भागाचा मोबदला मागता येत नाही. कलम २१६ प्रमाणे मालकाला न सांगता मध्यस्थाने व्यवहार स्वतःच्याच खात्यात केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो. स्वस्तात स्वतःच इसार करून चढ्या भावाने पुढे देणाऱ्यांबाबत हे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण "काम" म्हणजे काय? गिऱ्हाईक आणणे की खरेदीखत होणे? सर्वोच्च न्यायालयासमोर अगदी आरंभीच, १९५० मध्ये, कलकत्त्याच्या एका घराचे प्रकरण आले. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर. तिथे १९४३ साली मालकाने दलालाला लेखी चिठ्ठी दिली होती. किंमत किमान १,००,००० रुपये. तेवढ्याला गिऱ्हाईक आणले तर १,००० रुपये. १,०५,००० पर्यंतची वरची सगळी रक्कम दलालाची. त्याहून वर गेल्यास जादा रकमेचा चौथा हिस्सा. मुदत एक महिना. "तुमच्या हातात एवढे, वरचे माझे" ही आजची भाषा तिथे उघडपणे कागदावर होती. इतके लिहूनही वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या निकालातली एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावी: गिऱ्हाईक मिळवायला सांगितलेल्या दलालाला तेवढ्यावरून मालकाच्या वतीने करार पक्का करण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणूनच मध्यस्थ "सोयीसाठी" कुलमुखत्यारपत्र मागू लागला, तर तो अधिकार आपण आपल्या हाताने देत आहोत हे ओळखावे.

धाराशिवात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. निजामाच्या राज्यात निर्वाहासाठी दिलेल्या मदतमाश आणि देवस्थान-मशिदींच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी मराठवाड्यात ठिकठिकाणी आहेत. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा. पण अशा अनेक जमिनी वर्ग २ मध्ये राहिल्या, आणि त्यांच्या विक्रीला सरकारी परवानगी लागते. त्यांवर पुढे घरे उठली, हातोहात विकली गेली. म्हणजे गिऱ्हाईक तयार, मालक तयार, आणि तरी दस्त होत नाही, असे इथे सहज घडते. पुण्या-मुंबईच्या टक्केवारीची नक्कल करताना ही आपली अडचण कोणी धरत नाही.

मग रेरा आहे ना? २०१६ च्या त्या कायद्याने मध्यस्थांना नोंदणी सक्तीची केली, महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पण कलम ९ ची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या सदनिका आणि भूखंड विकण्यापुरती आहे. गल्लीतला जुना वाडा किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचे घर त्यात येत नाही. दलालीचा कमाल दर तर कोणत्याच घराला ठरवून दिलेला नाही. दोन टक्के ही रूढी आहे. ती घासाघीस करून कमी होऊ शकते.

म्हणून कागद आपणच करायचा. एक पानही पुरते. त्यावर दर, तो कोणत्या किमतीवर, दोन्ही बाजूंकडून घेणार का, मुदत किती, याच मध्यस्थाला काम दिले की इतरांनाही, आणि सर्वांत महत्त्वाचे, पैसे इसाराला की खरेदीखत नोंदल्यावर. परवानगीअभावी व्यवहार मोडला तर काय, तेही एका ओळीत. रक्कम बँकेतून द्यावी आणि पावती घ्यावी. भांडवली नफ्याचा हिशोब करताना विक्रीसाठी दिलेली दलाली वजा मिळते. पावती नसेल तर दाखवणार काय? मी रोख दिलेली ती अर्धी रक्कम अशीच गेली. इसाराचेही तसेच. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो.

पुढे परवानगी मिळाली आणि घर विकले गेले, दुसऱ्याच मध्यस्थाच्या मार्फत. या वेळी मी आधी कागद पुढे केला. तो हसला, म्हणाला, "काका, विश्वास नाही का?" मी म्हटले, आजोबांचा गावावर पूर्ण विश्वास होता, तरी त्यांनी चतुःसीमा लिहून घेतल्याच. त्याने सही केली. तो कागद आता १३५० फसलीच्या खरेदीखताशेजारी त्याच पेटीत ठेवला आहे.