लेगॉनचा पुतळा आणि एक शब्द

जून २०१६ मध्ये घानाची राजधानी आक्रा इथे, लेगॉनच्या विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते महात्मा गांधींच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा ही भारताने दिलेली भेट होती. सप्टेंबरमध्येच तिथल्या काही प्राध्यापकांनी तो हटवावा असा अर्ज केला आणि त्याखाली हजाराहून अधिक सह्या झाल्या. गांधींनी आफ्रिकी लोकांविषयी काय लिहिलं ते वाचा, असं अर्जात म्हटलं होतं. शिवाय, पुतळे उभारायचेच तर आधी आफ्रिकेच्या वीर स्त्री-पुरुषांचे उभारा, अशीही मागणी होती. डिसेंबर २०१८ मध्ये एका रात्रीत पुतळा चौथऱ्यावरून उतरवला गेला.

या प्रकरणावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना मी एका शब्दापाशी अडले. अर्जातल्या उताऱ्यांत आफ्रिकी माणसासाठी ‘काफर’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मराठी वाचकाला या शब्दाने इस्लाम न मानणारा माणूस आठवतो. म्हणजे शब्द जसाच्या तसा ठेवला तरी अर्थ निसटतो. मूळ शब्द अरबी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान नसलेल्या लोकांना अरब व्यापारी तो लावत. त्यांच्याकडून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि पुढे तो डच व इंग्रज वसाहतींत रुजला. गोव्याच्या कोंकणीतला ‘खाप्री’ही पोर्तुगीजांच्याच वाटेने आलेला. दक्षिण आफ्रिकेत आज ती जहरी शिवी आहे. कृष्णवर्णीय पोलिसांना ती वारंवार दिल्याबद्दल २०१८ मध्येच तिथे एका महिलेला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पहिल्या खर्ड्यात मी ‘तिथले मूळ रहिवासी’ असं लिहून मोकळी झाले होते. वाक्य सरळ झालं, पण प्राध्यापक कशाने दुखावले तेच त्यातून कळेना. म्हणून मग उतारे मुळातून वाचायला घेतले. त्यातला एक मुंबईतला निघाला.

२६ सप्टेंबर १८९६. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटचं सभागृह, फिरोजशहा मेहतांनी भरवलेली सभा. गांधींना अजून सत्तावीस पूर्ण व्हायचे होते. मेहतांच्या सल्ल्यावरून भाषण आधीच लिहून, छापून आणलं होतं. गांधींचा आवाज पोहोचेना, म्हणून केशवराव देशपांडे वाचू लागले, पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छांचाच आग्रह धरला आणि शेवटी त्यांनी ते वाचलं. नाताळमधल्या हिंदी लोकांच्या हालांचं वर्णन करताना भाषणात म्हटलं होतं की, गोरे आम्हाला रानटी काफराच्या पातळीवर ओढू पाहतात. तो काफर कसा, तर शिकार करणारा, बायको विकत घेण्यापुरती गुरं जमवणारा, उरलेलं आयुष्य आळसात आणि नागवेपणात काढणारा. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या आणि गोऱ्यांच्या अन्यायाचा धिक्कार केला, असं गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे. या वाक्याला कुणी हरकत घेतल्याची नोंद त्यात नाही. तोवर हे प्रकरण मला दूरच्या आक्र्याचं वाटत होतं. आता ते धोबीतलावापर्यंत येऊन पोहोचलं.

गांधी तिथेच थांबले नाहीत, हेही खरं. १९०६ च्या झुलूंच्या बंडात ते ब्रिटिशांच्या बाजूने शुश्रूषा पथक घेऊन गेले, पण सेवा करायची वेळ आली ती मुख्यतः जखमी झुलूंची. नोव्हेंबर १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास गुजरातीत लिहायला घेतला. त्यात आफ्रिकी लोकांना ते त्या भूमीचे मूळ रहिवासी म्हणतात आणि गोरी कातडी म्हणजेच सौंदर्य ही समजूत सोडून झुलूंकडे पाहा, असं वाचकाला सांगतात. मुंबईचं सभागृह ते येरवड्याची कोठडी, मध्ये सत्तावीस वर्षं गेली. हा प्रवास दाखवायचा तर तो सुरू कुठून झाला तेही दाखवावं लागतं. पहिलं वाक्य मऊ केलं, तर दुसऱ्यालाही वजन उरत नाही.

अर्जात संदर्भ दिले होते ते गांधींच्या समग्र वाङ्मयाचे. १९५८ ते १९९४ या काळात शंभर खंडांत ते छापलं भारत सरकारच्याच प्रकाशन विभागाने. म्हणजे पुतळा दिला भारताने आणि तो उतरवण्याचा पुरावाही भारतानेच, खंडवार आणि तारीखवार, जगाच्या हाती ठेवला होता. संपादकांना ती वाक्यं गाळता आली असती. त्यांनी गाळली नाहीत. पुढे या वाङ्मयाची एक ‘सुधारित’ आवृत्ती निघाली. तीत शेकडो नोंदी गळाल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि २००५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. गांधींचा खरा मान मला त्या शंभर खंडांत दिसतो. पुतळ्याला एकच मुद्रा असते. पुस्तकात माणूस चुकतो आणि बदलतोही.

घानाला पुतळ्यांची ही गोष्ट नवी नाही. गांधींच्या मार्गाने प्रेरित होऊन १९५० मध्ये सत्याग्रहासारखी चळवळ उभारणारे क्वामे एन्क्रुमा स्वतंत्र घानाचे पहिले नेते झाले. १९६६ च्या लष्करी उठावात त्यांचा पुतळा पाडला गेला. आज आक्र्यातल्या त्यांच्या स्मारकात तो मोडका, शिर नसलेला पुतळा तसाच उभा आहे आणि तुटलेलं शिर शेजारी वेगळ्या चौथऱ्यावर ठेवलं आहे. ते जोडून, रंगवून नवं केलेलं नाही. मान दिला आहे, आणि काय घडलं तेही झाकलेलं नाही.

मी माझा खर्डा पुन्हा उघडला. ‘मूळ रहिवासी’ खोडलं आणि ‘काफर’ परत लिहिलं. ही आफ्रिकी माणसाला दिलेली शिवी आहे, हे त्याच वाक्यात सांगून टाकलं. वाक्य आता कानाला खुपतं. ते खुपायलाच हवं.