रेंज दुप्पट, तरी हार: लताकियाची रात्र

कुठलं क्षेपणास्त्र भारी, हा वाद निघाला की आपण पहिल्यांदा रेंज बघतो. आज मी त्या रेंजचीच गोष्ट सांगणार आहे.

२१ ऑक्टोबर १९६७. पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या चिमुकल्या बोटींनी सोव्हिएत 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं डागून इस्रायलची विनाशिका 'एलात' बुडवली. ४७ जण गेले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या बोटींनी हीच स्टिक्स कराचीसमोर वापरली. पाकिस्तानची 'खैबर' बुडाली. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो, तो यामुळेच.

मग स्टिक्स अजिंक्य? कागदावर तरी तसंच होतं. तिची रेंज सुमारे ४० किलोमीटर, इस्रायलच्या 'गॅब्रिएल'ची जेमतेम २०. म्हणजे इस्रायली बोटींना आधी मार झेलतच पुढे जावं लागणार!

६ ऑक्टोबर १९७३ ची रात्र, सीरियाचं लताकिया बंदर. सीरियाने लांबूनच स्टिक्स डागल्या. इस्रायली बोटींनी रडार जॅम केलं, चॅफचे, म्हणजे रडारला फसवणाऱ्या बारीक तंतूंचे ढग उडवले. एकही स्टिक्स लागली नाही. मग त्या जवळ गेल्या आणि गॅब्रिएल सोडल्या. सीरियाची पाच जहाजं बुडाली, इस्रायलचं एकही नाही.

स्टिक्स तीच होती, बदललं होतं समोरचं जहाज. एलात आणि खैबरकडे तिला उत्तर नव्हतं, लताकियात होतं. म्हणून तुलना करताना मी आता रेंजनंतर लगेच दुसरा प्रश्न विचारतो: समोरच्याकडे चकवायला काय आहे?