सब घोडे बारा टक्के? : समतेच्या दुःस्वप्नकथा आणि आपण

'सब घोडे बारा टक्के' हा वाक्प्रचार मराठीत सहसा तक्रारीच्या सुरातच येतो. गुणी आणि अवगुणी, कष्टाळू आणि आळशी यांना एकाच मापाने मोजले गेले की तो आपल्या तोंडी येतो. विंदा करंदीकरांनी तर तोच एका कवितेचे शीर्षक म्हणून घेतला. सर्वांना सारखे करायला निघाले की वेगळेपणाला जागा उरत नाही, ही समतेविषयीची जुनी भीती या चार शब्दांत साठलेली आहे. डिस्टोपियन म्हणजे दुःस्वप्नराज्यांच्या कथांची एक मोठी शाखा याच भीतीवर उभी आहे. ही शाखा कशी वाढली, आणि वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात साहित्य शिकताना-शिकवताना ती कशी वाचावी, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

या शाखेचा आरंभ पाश्चात्त्य साहित्यात शोधण्याची प्रथा आहे. परंतु भारतेंदू हरिश्चंद्रांचे 'अंधेर नगरी' हे हिंदी प्रहसन १८८१चे आहे. या नगरीत भाजी आणि मिठाई यांचा भाव एकच. प्रथमदर्शनी ही चैन वाटते आणि गोबरधनदास हा शिष्य गुरूचा सल्ला डावलून तेथेच राहतो. पण ज्या राज्यात वस्तूंमधील फरक कळत नाही, तेथे माणसांमधील फरकही कळत नाही. कोतवालाला फाशीची शिक्षा होते. फास मोठा आणि कोतवालाची मान बारीक, म्हणून जाड मानेचा माणूस शोधला जातो आणि गोबरधनदास पकडला जातो. येथे अपराध पाहिला जात नाही, मानेचा घेर पाहिला जातो. पुढील शतकातील कितीतरी कादंबऱ्यांचे बीज या एका फासात आहे.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने १९२०-२१च्या सुमारास लिहिलेल्या 'आम्ही' या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची, गणवेश एक, दिनक्रम एक. अखेरीस राज्य माणसांची कल्पनाशक्तीच शस्त्रक्रियेने काढून टाकते. ही कादंबरी १९२४ साली इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात ती छापली जायला १९८८ साल उजाडले. एल. पी. हार्टली यांच्या १९६०च्या 'फेशियल जस्टिस'मध्ये मत्सर टाळण्यासाठी स्त्रियांचे चेहरेही एका सरासरी साच्यात बसवले जातात. आणि १९६१ साली कर्ट व्हॉनेगट यांची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही लघुकथा आली. काळ २०८१चा. बलवानांच्या अंगावर वजनाच्या थैल्या, सुंदरांच्या चेहऱ्यावर मुखवटे, बुद्धिमानांच्या कानात विचार तोडणारे कर्कश आवाज. कुणी कुणाहून सरस ठरू नये, याची काळजी घेणारे एक सरकारी खातेच तेथे आहे.

या कथांतील धोका काल्पनिक नाही. १९७५ ते १९७९ या काळात कंबोडियात ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली, चलन रद्द केले, लोकांना एकसारखे काळे कपडे घातले आणि लक्षावधी माणसे मारली. समतेच्या नावाने माणूस पुसता येतो, हे विसाव्या शतकाने पाहिलेले आहे. म्हणून या कथांना केवळ प्रतिगामी म्हणून बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मात्र दुसरा धोका वाचनातला आहे. २००५ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शाळांच्या निधीवाटपाचा खटला चालू होता. सधन भागातील शाळांना अधिक खर्च करण्यास मर्यादा नको, या मागणीसाठी वकिलांनी याच कथेचा आधार घेतला. तेव्हा हयात असलेल्या व्हॉनेगट यांनी हे वाचन चुकीचे ठरवले. आपली कथा बुद्धी आणि गुण यांच्याविषयी आहे, आणि संपत्ती ही या दोहोंची खूण नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. या खुलाशानंतर कथा पुन्हा वाचली, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. साखळदंड तोडून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येणारा चौदा वर्षांचा हॅरिसन स्वातंत्र्याची घोषणा करीतच नाही. तो स्वतःला सम्राट म्हणवून घेतो. सक्तीच्या सारखेपणाला उत्तर म्हणून लेखकाने सम्राटाची हुकमत पुढे ठेवावी आणि तीही क्षणात संपवावी, यात केवढा तरी उपरोध आहे.

याच १९६१ साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. हीदेखील सक्तीचीच समता. मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घ्यावी आणि भूमिहीनांना द्यावी, असा तिचा आशय. तिच्यातून पळवाटा पुष्कळ निघाल्या. तरी साहित्याच्या अभ्यासकाने या कायद्याची रचना एकदा पाहावी. १९७५ पासून लागू झालेल्या सुधारित मर्यादेनुसार साधारणतः पाच माणसांच्या कुटुंबाला बारमाही ओलिताची जमीन १८ एकर, तर कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंत ठेवता येते. अठरा आणि चोपन्न हे आकडे समान नाहीत, आणि त्यातच या कायद्याचा न्याय आहे. आमच्या जिल्ह्यातील पावसाच्या भरवशाचे रान आणि पाटाच्या पाण्याचे रान यांत फरक आहे, हे कायद्याने मान्य केले. अंधेर नगरीच्या राजाला नेमकी हीच गोष्ट कळत नव्हती.

प्रादेशिक अनुशेषाची गोष्टही अशीच आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४च्या अहवालात राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला आणि २०१८ साली तो केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. पुढे गेलेल्यांचे कालवे बुजवा, असे त्या समितीने सांगितले नाही. मागे राहिलेल्यांची तूट भरा, असे सांगितले. व्हॉनेगट यांच्या कथेतील खाते उंचाला वाकवते. अनुशेषाची कल्पना बुटक्याला उंच करीत नाही. ज्या खड्ड्यात तो उभा आहे, तो भरू पाहते.

समतेला घेतला जाणारा आक्षेप आणि त्याचे उत्तर, ही दोन्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकत्र मांडली आहेत. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने संमेलनच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वतः छापलेले त्यांचे भाषण येथे आठवावे. माणसे जन्मजात सामर्थ्यात, वारशात आणि प्रयत्नांत सारखी नसतात, हे ते निःसंकोच मान्य करतात. प्रयत्नांतील फरकानुसार वेगळे वागवणे त्यांना समजते. पण जन्म आणि वारसा यांनुसार वागवायचे, तर ज्यांना घराणे, शिक्षण आणि पैसा आधीच मिळाला आहे, तेच शर्यत जिंकणार. ती निवड मग कर्तबगारांची राहत नाही, सुस्थितांची होते. म्हणून समता ही एक कल्पित गोष्ट असली, तरी तिलाच नियामक तत्त्व मानावे लागते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, असे बजावले. स्वातंत्र्याविना समता व्यक्तीची उमेद मारते, आणि समतेविना स्वातंत्र्य मूठभरांचे वर्चस्व आणते. झाम्यातिनच्या कादंबरीने यातील पहिला अर्धा भाग सांगितला. दुसरा अर्धा भाग ज्यांनी भोगला, त्यांच्या आत्मकथनांनी तो सांगितला आहे, आणि ती मराठीत विपुल आहेत.

म्हणून आमचे मत असे, की 'हॅरिसन बर्जेरॉन'सारखी कथा वर्गात एकटी शिकवू नये. तिच्या शेजारी एखादे दलित आत्मकथन ठेवावे. एकात गुणवंताच्या अंगावर सरकारने वजने लादलेली दिसतील. दुसऱ्यात ती जन्माबरोबरच लादली गेल्याचे दिसेल, आणि ती लादणारे खाते कोणत्याही दुःस्वप्नकथेहून जुने आहे. विद्यार्थ्याने दोन्ही ठिकाणी वजनाची थैली ओळखली पाहिजे. एकच ओळखून तो परीक्षेत उत्तीर्ण होईल. साहित्याचा वाचक मात्र होणार नाही.